विषय : ‘संख्येचे गुणधर्म’ या सुविधेत चुकीची माहिती मिळणे व वर्गणी परत मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

टाकलेली संख्या सम की विषम आणि तिचे मूळ अवयव कोणते, हे आपल्या ॲपमधील ही सुविधा सांगते; आपल्याला हे सांगण्याची गरज नसावी. सांगलीत विश्रामबागेतील माझ्या शिकवणीच्या वर्गासाठी मी वर्षाची वर्गणी भरली ती केवळ हिच्यासाठी, कारण जाहिरातीत ‘कितीही मोठी संख्या’ असे शब्द होते.

९००७१९९२५४७४०९९३ ही संख्या टाकली की आपले ॲप शेवटच्या ३ चा परस्पर २ करते आणि सांगते : संख्या सम, मूळ अवयव फक्त २. मी दिलेली संख्या विषम आहे. तिच्या अंकांची बेरीज ७८, म्हणजे तिला ३ ने भाग जातो. १०७ नेही जातो. ॲप ज्या संख्येविषयी बोलते तो २ चा ५३ वा घात आहे. लागोपाठच्या दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो, त्यामुळे ॲपने दाखवलेला अवयव माझ्या संख्येचा असणे शक्यच नाही. संगणकात संख्या साठवण्याच्या ६४ बिटांच्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ मांडणीत अंकांसाठी ५३ बिटच मिळतात आणि २ च्या ५३ व्या घातापुढच्या सगळ्याच पूर्ण संख्या तीत नेमक्या मावतात असे नाही, हे आपल्या अभियंत्यांना ठाऊक असणारच; ठाऊक नसेल तर ती वेगळी तक्रार समजावी.

हे सर्व मी आपल्या प्रतिनिधींना शांतपणे सांगितले. त्यांनी प्रथम इंटरनेट तपासायला लावले, मग ॲप काढून पुन्हा टाकायला लावले आणि शेवटी म्हणाले, ‘‘सर, एवढ्या मोठ्या संख्येत एकाने काय फरक पडतो?’’ वर्गणीत एक रुपया कमी भरला असता तर चालले असते का, असे मी विचारले. ‘‘सर, पेमेंटचा विभाग वेगळा आहे,’’ असे उत्तर आले. त्यानंतर, दहावीच्या मुलांना अशी संख्या लागतेच कशाला, असा उपदेशही झाला आणि फोन ठेवताच ‘आपल्या तक्रारीचे समाधान झाले आहे’ असा संदेश आला. कोणाचे समाधान झाले, तेवढे कळवावे.

लागते कशाला, तेही सांगतो. १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, म्हणजे २ च्या ६७ व्या घातातून १ वजा, ही संख्या फ्रेंच गणिती मेर्सेनने १६४४ मध्ये मूळ संख्या मानली होती. गणिती लुकासने १८७६ मध्ये ती मूळ नसल्याचे सिद्ध केले आणि १९०३ मध्ये अमेरिकन गणिती कोल यांनी तिचे १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे अवयव मांडले. हे मुलांना शिकवून झाल्यावर पडताळ्यासाठी ॲप उघडले, तर तेथेही शेवटी ७ ऐवजी ८, संख्या सम, अवयव फक्त २. पुन्हा तोच एकाचा फरक, ज्याने आपल्या मते काही बिघडत नाही.

मोठी संख्या पेलत नसेल तर तसे पडद्यावर लिहावे. ग्राहकाची संख्या बदलून त्याला उत्तर देऊ नये. माझी वर्गणी पूर्ण परत करावी आणि जाहिरातीतील ‘कितीही’ हा शब्द काढावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागीन. उत्तर लेखीच द्यावे, फोन करू नये.

आपला,
एक वर्गणीदार, सांगली