लवाद कोणाचा, हे लेखात आलेच नाही

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला ग्रीक नगरराज्यांच्या कर्जतंट्यांवरचा लेख वाचला. असा विषय घेतल्याबद्दल लेखकांचे आणि आपले आभार. आपल्याकडे ग्रीस म्हटले की सॉक्रेटिस आणि सिकंदर यांच्यापुढे सहसा कोणी जात नाही. पण लेप्रिऑन या छोट्या नगराचा एलिस या नगरराज्याशी झालेला वाद ‘स्पार्टाच्या मध्यस्थीने सुटला’ हे वाक्य वाचल्यापासून अस्वस्थ आहे.

तो सुटला नव्हता. ऑलिंपियाचे देवस्थान आणि तिथल्या स्पर्धा एलिसच्या ताब्यात होत्या. लेप्रिऑनने ऑलिंपियाच्या झ्यूस देवासाठी एलिसला दरवर्षी एक टॅलंट (चांदीच्या वजनावर ठरणारी मोठी रक्कम) द्यायचे कबूल केले होते. अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातले पेलोपनीशियन युद्ध पेटल्यावर त्यांनी युद्धाचे निमित्त सांगून पैसे बंद केले. एलिसने जोर लावला तेव्हा लेप्रिऑनची मंडळी स्पार्टाकडे धावली आणि निवाडा स्पार्टावर सोपवला गेला. आता लेप्रिऑन कुठे आहे ते पाहा. एलिस आणि स्पार्टाचा मुलूख यांच्या सीमेवर! आपल्याला न्याय मिळणार नाही, अशी शंका येऊन एलिसने लवादातून अंग काढून घेतले आणि लेप्रिऑनची शेती उद्ध्वस्त केली. ते चूकच होते. पण स्पार्टाने तरीही निवाडा दिला, लेप्रिऑन स्वतंत्र ठरवले, तिथे शिबंदी पाठवली आणि इ.स.पू. ४२१ मध्ये आपले मुक्त केलेले हेलॉट (म्हणजे शेतदास) सैनिक तिथेच वसवले. पुढच्याच वर्षी एलिसने ऑलिंपिकच्या काळातला युद्धबंदीचा तह मोडल्याबद्दल स्पार्टाला २००० मिना (साठ मिनांचा एक टॅलंट) दंड केला आणि तो भरला नाही म्हणून स्पर्धांना येण्याची बंदी घातली. वीसेक वर्षांनी स्पार्टाने याच जुन्या रागापोटी एलिसवर स्वारी केली. थ्युसिडिडीस आणि झेनोफन या त्या काळच्या ग्रीक इतिहासकारांनी हे सगळे लिहून ठेवले आहे. याला वाद सुटणे म्हणायचे?

लेखकांना चांगले उदाहरण हवे होते, तर कॅलिम्नॉसचे होते. इ.स.पू. ३०० च्या सुमारास कॉस बेटावरच्या डायगोरसच्या वारसांनी कॅलिम्नॉस नगरावर सार्वजनिक कर्जाच्या बाकीचा दावा लावला. निवाडा ना कॉसने केला, ना कॅलिम्नॉसने. तो क्निडॉस या तिसऱ्या नगराने केला. न्यायाधीशांनी झ्यूस, अपोलो आणि पृथ्वीची शपथ घेतली आणि त्या शपथेत खटल्यासाठी कोणाकडून भेटवस्तू घेतली नसल्याचेही कलम होते. भाषणांची वेळ पाणघड्याळाने मोजली, दोन्ही बाजूंना सारखेच पाणी. ज्या साक्षीदारांना क्निडॉसला जाणे शक्य नव्हते, त्यांनी आपल्याच गावी, समोरच्या पक्षाच्या देखत साक्ष द्यायची आणि तिची नक्कल त्या पक्षाला मिळायची. शेवटी दाव्याच्या बाजूने ७८ मते पडली, विरुद्ध १२६. धनको हरले, नगर सुटले. हा सगळा तपशील दगडावर कोरलेला सापडला आहे आणि लेखात त्याची एक ओळ नाही.

मला हे इतके का लागले तेही सांगतो. माझ्या धाकट्या भावाने एका वित्त कंपनीकडून कर्ज काढून मालवाहू टेम्पो घेतला होता. रोखीने भरलेले काही हप्ते कंपनीच्या खात्यात चढलेच नाहीत. पावत्या आमच्या वहिनींनी रेशनकार्डाच्या पिशवीत नीट जपून ठेवल्या होत्या. वाद झाला की लवादाकडे जायचे, असे करारात बारीक टायपात होते. तो लवाद नेमला कंपनीने, बसणार परराज्यातल्या शहरात आणि नोटीस आली इंग्रजीतून. भाऊ सातवी शिकलेला. तारखेला जायचे तर गाडीभाडे, राहणे, वकील. एवढे पैसे असते तर हप्ता थकला असता का? एकतर्फी निवाडा झाला, टेम्पो ओढून नेला. त्या पावत्या कोणीही, कधीही बघितल्या नाहीत. ज्याचा निकालात हितसंबंध आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. आमचा टेम्पो त्याच्या आधीच गेला होता.

साक्षीदाराला गावातच साक्ष देता यावी, याची काळजी तेवीसशे वर्षांपूर्वीच्या लोकांनी घेतली होती. म्हणून ‘मध्यस्थी झाली, वाद मिटला’ असे कोणी सहज लिहून गेले की मला ते सहन होत नाही. मध्यस्थ कोणी निवडला, कुठे बसला आणि दुसऱ्या बाजूचे कागद त्याने वाचले का, हे प्रश्न लेखकांना एकदाही पडू नयेत याचे वाईट वाटते.

आणखी एक. लेखाखाली ‘उर्वरित पान ६ वर’ असे छापले होते. पान ६ वर पूर्ण पान जाहिरात होती, लेख नव्हता. क्निडॉसचा मजकूर त्या राहिलेल्या भागात असेल, तर लेखकांविषयी वर जे लिहिले ते मी मागे घेतो आणि तक्रार आपल्याकडे वळवतो. तो भाग येत्या रविवारी छापावा. नसेल, तर लेखकांकडून कॅलिम्नॉसच्या खटल्यावर स्वतंत्र लेख लिहून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, कराड