आबांचे अकरा विजय सांगताना दोन पराभवही सांगा

प्रति,
डॉ. बाबासाहेब देशमुख,
आमदार, सांगोला विधानसभा मतदारसंघ

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

मी तुमचा एक मतदार. सत्तरीला आलोय. माणकाठी थोडी शेती आहे. डाळिंबाची एक बाग मर रोगानं गेली, ती परत लावायचा धीर अजून झालेला नाही. पहिलं मत दिलं १९७८ ला, तेव्हा मताला एकवीस वर्षं पूर्ण असावी लागत. ते मत तुमच्या आजोबांना, म्हणजे गणपतराव आबांना, दिलं होतं.

परवा नातवाला शाळेत भाषण होतं, विषय 'गणपतराव देशमुख'. त्यानं मला आधी म्हणून दाखवलं. अकरा वेळा आमदार, एकच पक्ष, एकच मतदारसंघ, एसटीनं प्रवास, साधी राहणी. चार वाक्यांत आबा संपले. मी विचारलं, "आबा कधी हरले का रे?" पोरगं माझ्याकडे बघतच राहिलं. म्हणालं, "आबा कसे हरतील?"

त्याचा दोष नाही. जयंतीला, पुण्यतिथीला, पुतळ्याच्या कार्यक्रमाला आम्ही मोठी माणसं जे बोलतो तेच त्यानं उचललंय. म्हणून हे पत्र तुम्हाला. आबांची कारकीर्द कशी सांगायची हे आता बरंचसं तुमच्या हातात आहे, आणि त्याच खुर्चीवर तुम्ही बसला आहात.

आधी एक गोष्ट स्वच्छ करून टाकू. व्यासपीठावरून कोणी तरी ठोकून देतं की अकरा वेळा हा देशातला विक्रम आहे. तसं नाही. केरळात पाला मतदारसंघातून के. एम. मणी तेरा वेळा निवडून आले, तमिळनाडूत करुणानिधीही तेरा वेळा. महाराष्ट्रात मात्र आबांच्या बरोबरीला कोणी नाही, आणि तेवढं पुरे आहे. आबांचं मोठेपण सांगायला खोट्याचा टेकू लावला तर ते आबांनाच आवडलं नसतं.

आता मूळ मुद्दा. आबा १९६२ ला निवडून आले, महाराष्ट्र राज्य झाल्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत. १९६७ ला परत. आणि १९७२ ला हरले. काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं. निवडणूक झाली मार्चमध्ये, आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो. बहात्तरचा दुष्काळ म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगून कळत नाही. आम्ही सगळं घर खडीवर होतो. आई, थोरली बहीण, मी. दगड फोडायचे आणि खडीची घमेली रस्त्याच्या कडेला नेऊन मापात टाकायची. मुकादम आला की छाती धडधडायची, कारण माप कमी भरलं तर हजेरी कापली जायची. दुपारी सुकडी मिळायची. भाकरी मिलोची, लाल, घशाखाली न उतरणारी. बहिणीच्या तळहाताला पडलेले घट्टे तिच्या लग्नात मेंदीखालूनही दिसत होते. हे सांगायचं कारण एकच. तालुक्यावर शंभर वर्षांतलं सगळ्यात मोठं संकट आलं, तेव्हा आबा सभागृहात नव्हते. त्या काळात आबांच्या शेतकरी कामगार पक्षाचा, म्हणजे शेकापचा, लाल बावटा कामाच्या आणि मजुरीच्या मागण्यांसाठी रस्त्यावर होता. आमदारकी नसलेला माणूस लोकांचं काम करू शकतो का, याचं उत्तर सांगोल्यानं १९७४ च्या पोटनिवडणुकीत दिलं. आबा परत निवडून आले.

पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. १९९९ ला विलासरावांच्या मंत्रिमंडळात आबा मंत्री झाले, तेव्हा त्यांच्याकडे रोजगार हमीचं खातं होतं. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती आईची घमेली. ज्या तालुक्यानं खडी फोडली त्याच तालुक्याचा माणूस त्या खात्यावर बसला. नातवाच्या भाषणात यातलं काहीच नव्हतं.

१९७४ ते १९९० चा काळ पटकन सांगतो, कारण तो सगळ्यांना पाठ आहे. १९७७ ला विधानसभेतले विरोधी पक्षनेते, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात मंत्री, मग १९८०, १९८५, १९९० अशा सलग निवडणुका जिंकल्या. कापूस पिकत नाही अशा तालुक्यात सहकारी सूतगिरणी उभी करून चालवून दाखवली.

आणि मग १९९५. तेव्हा मतमोजणी म्हणजे कागदी मतपत्रिका, पन्नास-पन्नासचे गठ्ठे, शिक्का दोन खान्यांच्या मध्ये पडला की मत बाद की चालू यावर हुज्जत. आम्ही गावातली दहा-बाराजणं पारावर बसून होतो. एक जण सायकलवरून येऊन सांगायचा आबा पुढं, दुसरा यायचा तो सांगायचा मागं. रात्री नक्की कळलं. १९२ मतं. शहाजीबापू पाटील निवडून आले होते.

१९२ म्हणजे किती, डॉक्टर? आमच्या एका वाडीतली मतं. त्या दिवशी पंढरपूरला लग्नाला गेलेलं एक वऱ्हाड. आमच्याच भावकीतले तिघं ऊसतोडीला गेले होते, मतदानाला आले नाहीत. पुढं कितीतरी वर्षं ते तिघं आबांचं नाव निघालं की खाली मान घालायचे. मी स्वतः त्या निवडणुकीत एका घरी जायचं राहिलो होतो. बांधावरून वाद होता, बोलणं बंद होतं. त्या घरात सहा मतं. ती गोष्ट माझ्या मनातून आजही गेलेली नाही.

आबांचं वय तेव्हा सत्तरीला टेकलं होतं. घरी बसले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषद सुरू झाली होती. नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबा. तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी उचलून द्या, ही मागणी. आमदारकी गेली म्हणून ती लढाई थांबली नाही. कऱ्हाडजवळच्या टेंभूत पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत आटपाडी-सांगोल्याकडे आणायचं, हे तेव्हा पुष्कळांना वेडेपण वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला सांगू. आज टेंभूचं पाणी तालुक्यात येतं, ते सगळ्या गावांना पुरत नाही ही गोष्ट वेगळी. १९९९ ला आबा परत निवडून आले, मग २००४, २००९, आणि २०१४ ला वयाच्या ८८ व्या वर्षी सुमारे २५ हजारांच्या फरकानं.

अकरा विजय त्या दोन पराभवांवर उभे आहेत, असं मला वाटतं. १९७२ नंतर आणि १९९५ नंतर आबा लोकांतून उठले नाहीत, म्हणून पुढचे विजय झाले. पोरांना हे कळलं तर एसटीचा प्रवासही नीट कळेल. नाहीतर ती नुसती कौतुकाची गोष्ट होऊन बसते.

२०१९ तुम्हाला मी काय सांगणार? आबा थांबले, पक्षानं आधी घराबाहेरच्या माणसाला उमेदवारी दिली, कार्यकर्त्यांनी आग्रह धरला, मग तुमच्याच घरातले डॉ. अनिकेत उभे राहिले आणि ७६८ मतांनी पडले. ३० जुलै २०२१ ला आबा गेले. मी मुद्दाम बेरीज केली आहे. १९९५ चे १९२ आणि २०१९ चे ७६८ मिळून ९६० मतं. तेवढ्या मतांनी या तालुक्यात दोनदा सत्ता बदलली. आणि २०२४ ला तिरंगी लढतीत तुम्हाला २५ हजारांहून जास्त मतांचा फरक मिळाला, जवळपास आबांना २०१४ ला मिळाला तेवढाच. हा आकडा तुमचा आहे तसा आबांचाही आहे. त्यातला किती कोणाचा ते पुढच्या निवडणुकीत कळेल, आणि तोवर आमच्यासारख्यांनी तुम्हाला स्पष्ट बोलायला हवं.

म्हणून माझं मागणं. निवडणुकीला उभं राहताना तुम्ही नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र दिलंत. २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला ते द्यावं लागतं. त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं आहे. ते मी वाचू शकतो, माझा नातू वाचू शकतो. पण आमदार झाल्यावर सभागृहात काय केलं, ते असं एका कागदावर कुठंच येत नाही. किती तारांकित प्रश्न लावले, त्यातले किती पटलावर आले, मंत्र्यांनी काय उत्तर दिलं, लक्षवेधी लागली की नाही, आश्वासन मिळालं तर त्याचं पुढं काय झालं. निवडून येण्याआधीच्या माणसाची सगळी माहिती आम्हाला मिळते, नंतरच्या माणसाची मिळत नाही.

तुम्ही ते स्वतःहून द्या. दरवर्षी अर्थसंकल्पी अधिवेशन संपलं की एक रविवार धरा. रविवारी सांगोल्याचा जनावरांचा बाजार असतो, खिलार बैल घेऊन सगळा तालुका आणि शेजारचे तालुकेही येतात. तिथं मंडप टाकून हार-तुऱ्यांशिवाय वर्षाचा हिशेब वाचा. आमदार निधी कुठल्या गावाला किती गेला तेही वाचा. आमच्यातला कोणी उठून उलटा प्रश्न विचारेल, त्याला बोलू द्या.

तुम्ही २८८ च्या सभागृहात शेकापचे एकटे आहात. बोलायला वेळ पक्षाच्या संख्येवर मिळतो, तेव्हा तुमच्या वाट्याला मिनिटं येणार हे मला कळतं. २०२४ च्या निकालानंतर कुठल्याच विरोधी पक्षाला विरोधी पक्षनेतेपदासाठी धरला जाणारा एक दशांशाचा, म्हणजे २९ चा आकडाही गाठता आला नाही. ज्या सभागृहात आबा विरोधी पक्षनेते होते त्याची ही अवस्था. अशा वेळी एकट्या आमदारावर दोन्हीकडून ओढ असते. कुठं बसायचं हा निर्णय तुमचा. आबाही दोनदा सरकारात गेले होते. पण २००२ ला पक्षानं पाठिंबा काढला तेव्हा मंत्रिपद सोडून परत आले. तुम्ही जो काही निर्णय घ्याल तो मुंबईतून बातमीत कळू देऊ नका. त्याच रविवारी, त्याच मंडपात, आधी आम्हाला सांगा.

आणखी एक काम आहे, त्याला पैसा फार लागणार नाही. आबांनी सभागृहात अर्धशतकात विचारलेले प्रश्न, केलेली भाषणं, मांडलेल्या कपात सूचना विधिमंडळाच्या कार्यवाहीत छापलेल्या आहेत. त्यातलं सांगोल्याबद्दलचं, दुष्काळाबद्दलचं, रोजगार हमीबद्दलचं वेगळं काढून सूची करा आणि एक प्रत तालुक्याच्या ग्रंथालयात ठेवा. कॉलेजची पोरं हे काम आनंदानं करतील. १३ ऑगस्ट २०२३ ला सांगोल्यात आबांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. शरद पवार आणि देवेंद्र फडणवीस एका व्यासपीठावर होते, गर्दी मोठी होती, मीही होतो. पुतळा चांगला आहे. पण आबा १९६३ ला काय बोलले, १९८६ ला काय बोलले, हे पुतळ्यापाशी उभं राहून कळत नाही.

शेवटी पाणी, कारण त्याशिवाय सांगोल्याचं पत्र पुरं होत नाही. नीरा उजव्या कालव्याचं, टेंभूचं, म्हैसाळचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटलं की पाणी कोणाच्या शिवारात पोचतं आणि कोणाच्या नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, गावांना पाणी पोचेपर्यंत वरची दारं उघडतात आणि आवर्तन संपतं. आमच्या शेजारच्यानं मागच्या उन्हाळ्यात बहार धरलेली बाग टँकरवर जगवली. झाडाला दोन कळशा, एक दिवसाआड, बायको आणि सून डोक्यावरून वाहून घालत होत्या. कळ्या लागल्या, गळाल्या. आवर्तनाची तारीख लागली होती, पाणी बारा दिवसांनी आलं. हा प्रश्न कुठल्या एका अधिकाऱ्याचा नाही, वर्षानुवर्षांचा आहे. पण टेल टू हेड पाणी देणार असं प्रत्येक सरकारनं सांगितलेलं आहे. कुठल्या आवर्तनात टेलला किती दिवस पाणी चाललं, एवढी एक ओळ गाववार तुमच्या त्या हिशेबात असू द्या. बाकी हिशेब थोडका असला तरी चालेल.

नातवाचं भाषण आम्ही दोघांनी मिळून परत लिहिलं. त्यात आता १९७२ आहे, खडी आहे, १९२ आहे. बाईंनी वेळ वाढवून दिली नाही तर तो एसटीचं वाक्य गाळणार आहे, असं त्यानंच ठरवलंय.

रविवारची तारीख कळवा. मी येईन, त्यालाही आणीन.

आपला,
माणकाठचा एक डाळिंबकरी