एक लाखाच्या ठरावाविषयी

बर्मिंगहॅम,
१८ नोव्हेंबर

तीर्थरूप नानांस,
कृ. सा. न. वि. वि.

तुम्ही पाठवलेला विश्वस्त मंडळाच्या ठरावाचा मसुदा मिळाला. सांगली-मिरज परिसरात मेंदूमृत (मेंदूचे कार्य कायमचे थांबलेली) म्हणून घोषित झालेल्या व्यक्तीचे अवयव दान करण्यास जे कुटुंब संमती देईल, त्याला ट्रस्टतर्फे एक लाख रुपये ‘प्रोत्साहनपर’ द्यावेत, असे त्यात म्हटले आहे, आणि मी अतिदक्षता विभागात काम करते म्हणून तुम्ही माझे मत विचारले आहे. फोनवर हा विषय पुरा होण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहिते. त्या घरी ट्रस्टने जरूर पैसे द्यावेत, परंतु होकाराच्या बदल्यात देऊ नयेत, असे माझे मत आहे.

तुमच्या बाजूचे सर्वांत बळकट म्हणणे मला पूर्ण पटते, हे आधी सांगते. प्रत्यारोपणात शल्यचिकित्सकाला मानधन मिळते, रुग्णालयाला बिल मिळते, औषध कंपनीला आयुष्यभराचा ग्राहक मिळतो आणि ज्याला अवयव मिळतो त्याला आयुष्य मिळते. ज्यांच्या घरचे माणूस गेले, तेवढ्यांनीच निःस्वार्थ राहावे, ही अपेक्षा विषम आहे. शिवाय जिवंत माणसाने गरिबीपोटी मूत्रपिंड विकणे आणि मृत्यूनंतर अवयव देणे यांत मोठा फरक आहे. इराणमध्ये १९८८ पासून जिवंत दात्याला मूत्रपिंडाबद्दल अधिकृतपणे मोबदला दिला जातो, आणि तिथे शस्त्रक्रियेचा धोका, व्रण व पुढचे दुखणे दात्याच्याच वाट्याला येते. मृत व्यक्तीला यातले काहीच भोगावे लागत नाही. म्हणून मूत्रपिंडाच्या बाजाराबद्दल आपल्याला वाटणारी चीड जशीच्या तशी इथे आणून वाद मिटवणे मला योग्य वाटत नाही.

इकडे ब्रिटनमध्ये याच प्रश्नाचा गंभीर विचार झालेला आहे. नफील्ड कौन्सिल ऑन बायोएथिक्स या संस्थेने मेरिलिन स्ट्रॅथर्न यांच्या अध्यक्षतेखाली २०११ मध्ये एक अहवाल दिला. ज्याने हयातीत दाता म्हणून नाव नोंदवले आहे आणि ज्याचा मृत्यू अवयव घेता येतील अशा स्थितीत झाला आहे, त्याच्या अंत्यविधीचा खर्च सरकारी आरोग्यसेवेने उचलावा, असा प्रायोगिक प्रस्ताव त्यात होता. इथे साधा अंत्यविधीसुद्धा चार हजार पौंडांच्या आसपास जातो, तेव्हा ही रक्कम लहान नव्हे. वैद्यकीय महाविद्यालयाला देहदान केल्यास दहनाचा खर्च बहुधा ते महाविद्यालय करते आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, मग अवयवदात्यालाच का वगळावे, असा त्यांचा युक्तिवाद होता. या प्रस्तावाची एक बाजू मला फार विचारपूर्वक योजलेली वाटते: निर्णय त्या व्यक्तीने स्वतः, धडधाकट असताना घेतलेला असतो, दुःखात बुडालेल्या नातेवाइकांपुढे कोणी रक्कम ठेवत नाही. तरीही सरकारने तो प्रयोग केला नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याने १९९४ च्या कायद्याने दात्याच्या अंत्यविधीसाठी मदत देण्याची तरतूद केली होती, परंतु अवयवाच्या मोबदल्यात काहीही मौल्यवान देण्यास मनाई करणारा १९८४ चा संघीय कायदा आड येईल या भीतीने अखेर नातेवाइकांच्या जेवणा-राहण्याच्या खर्चावरच समाधान मानावे लागले. इस्राएलने पैशाऐवजी प्राधान्याचा मार्ग घेतला. २००८ च्या कायद्यानुसार ज्याने दाता म्हणून नोंद केली आहे, त्याला पुढे स्वतःला अवयव लागल्यास प्रतीक्षायादीत अग्रक्रम मिळतो.

हे सारे असूनही तुमच्या ठरावाला माझा विरोध का, हे सांगताना मला माझ्या कामाचाच आधार घ्यावा लागेल. मेंदूमृत्यू झालेल्या माणसाचा हात गरम असतो, यंत्राच्या आधारे छाती वरखाली होत असते, मॉनिटरवर हृदयाचे ठोके दिसत असतात. अशा वेळी आई किंवा बायको पहिला प्रश्न विचारते तो अवयवांचा नसतो, ‘ते खरंच गेलेत का?’ हा असतो. त्या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्या डॉक्टरवर तिचा विश्वास बसला, तरच पुढे काही बोलता येते. आपल्या कायद्याने हा विश्वास जपण्यासाठीच चार डॉक्टरांचे मंडळ आणि किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी बंधनकारक केली आहे. आता या तपासण्यांच्या शेवटी घरच्यांसाठी एक लाख रुपये ठेवलेले आहेत, हे साऱ्या गावाला ठाऊक झाले, तर तो विश्वास कुठे राहील? संमती देणाऱ्या विधवेकडे तेराव्याच्या दिवशी लोक कोणत्या नजरेने पाहतील, याचा विचार विश्वस्तांनी करावा. तिने नवऱ्याच्या इच्छेला मान दिला असेल, पण ‘पैसे घेऊन दिलं’ हे वाक्य तिच्या मुलांच्या कानावर आयुष्यभर पडत राहील. आणि जिने नकार दिला, तिला सासरी ‘हातचा लाख घालवलास’ हे ऐकावे लागेल. पैशाचा भार असा होकार आणि नकार दोघांवर पडतो.

त्यात रक्कम कोणाची, हा प्रश्न आहेच. पत्नी म्हणेल माझी, आई-वडील म्हणतील मुलगा आमचा होता, आणि ज्या दोन दिवसांत घराने एकत्र राहायला हवे, त्याच दोन दिवसांत वाटणीचा विषय निघेल. वैद्यकीय दृष्टीनेही धोका आहे. अवयव घेण्यापूर्वी आम्ही नातेवाइकांना पूर्वीचे आजार, कावीळ, कर्करोग, व्यसने यांविषयी बारकाईने विचारतो, कारण त्या उत्तरांवर अवयव घेणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. खरे सांगितल्यास रक्कम बुडेल अशी शंका असली, तर गरजू माणूस एखादी गोष्ट गाळेल. त्याला मी दोष देणार नाही. दोष त्याला त्या पेचात टाकणाऱ्या योजनेचा असेल.

नाना, आपल्याकडे होकाराकडे ढकलणारा एक दबाव आधीपासूनच आहे, आणि त्याबद्दल मंडळात कोणी बोलले असावे असे मसुद्यावरून दिसत नाही. इथे ब्रिटनमध्ये अतिदक्षता विभागाचा खर्च कुटुंबाला करावा लागत नाही, आणि मेंदूमृत्यू हा मृत्यूच मानला जात असल्यामुळे अवयव दिले काय किंवा न दिले काय, यंत्र बंद केले जाते. आपल्याकडे मेंदूमृत्यूची व्याख्या प्रत्यारोपणाच्या कायद्यातच अडकलेली आहे. संमती दिल्यास त्यापुढे शरीर सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा व नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही, असे २०१४ चे नियम सांगतात, आणि ते योग्यच आहे. मात्र नकार दिल्यास यंत्र थांबवायला अनेक रुग्णालये कचरतात आणि खासगी रुग्णालयातले बिल वाढत राहते. म्हणजे शेत गहाण टाकून मिरजेला आलेल्या माणसासमोर नकाराची किंमत आधीच मांडलेली आहे. त्यावर होकाराचे बक्षीस ठेवले, तर त्याच्या निर्णयाला स्वेच्छा म्हणणे कठीण होईल.

कायद्याचाही विचार करा. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांच्या ठरावांवरून, आणि त्यामागे मुंबईतल्या मूत्रपिंड-व्यापाराचा अनुभव होता. अवयव मिळण्यासाठी पैसे देणे, घेणे, देऊ करणे, त्याची जाहिरात करणे हे सारे त्याखाली गुन्हे आहेत, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा पाच ते दहा वर्षे कैद व किमान वीस लाखांचा दंड इतकी कडक आहे. ओडिशा सरकार दात्याच्या कुटुंबाला पाच लाखांचे सानुग्रह अनुदान देते, हे उदाहरण कोणी तरी मंडळात नक्की काढेल. पण सरकारने पश्चात दिलेले अनुदान आणि खासगी ट्रस्टने आधी जाहीर केलेले ‘प्रोत्साहन’ यांकडे कायदा एकाच नजरेने पाहील, असे गृहीत धरू नका. तामिळनाडूने २०२३ मध्ये दात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्याची घोषणा केली, तो मार्ग मला अधिक स्वच्छ वाटतो, मात्र कुटुंबाची इच्छा असेल तरच.

पैशावाचून दाते वाढतील कसे, असे तुम्ही विचाराल. स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला पंचेचाळीसहून अधिक दाते मिळतात, भारतात एकसुद्धा नाही. राफाएल मातेसान्स यांच्या पुढाकाराने १९८९ पासून तिथे रुग्णालयारुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेले, आणि त्यांपैकी बरेच जण अतिदक्षता विभागातलेच डॉक्टर असतात. संभाव्य दाता वेळेवर ओळखणे आणि नातेवाइकांशी घाई न करता बोलणे, हे त्यांचे काम. कायद्याने संमती गृहीत धरली असली, तरी ते कुटुंबाला विचारतातच. इंग्लंडने २० मे २०२० पासून संमती गृहीत धरणारा कायदा आणला, पण त्याने कुटुंबांच्या होकाराचे प्रमाण वाढले नाही. इथल्या आपल्या भारतीय वंशाच्या घरांत तर ते गोऱ्या कुटुंबांपेक्षा बरेच कमी आहे, आणि आपलेच रुग्ण जुळणाऱ्या मूत्रपिंडाची अधिक काळ वाट पाहतात. या घरांशी बोलताना अडते ते पैशावर नाही. मृताची इच्छा कोणाला ठाऊक नसते आणि देह विद्रूप होईल अशी भीती असते.

म्हणून माझी विनंती अशी की, ठरावातून ‘संमती देईल’ हे शब्द आणि ‘प्रोत्साहनपर’ हा शब्द काढावा. ज्या घरातले माणूस मेंदूमृत घोषित झाले, त्या प्रत्येक घराला, होकार असो वा नकार, ट्रस्टने मदत करावी: रुग्णालयाच्या थकलेल्या बिलाचा काही भाग थेट भरावा, शववाहिनीचे भाडे द्यावे, बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या जेवणाची व राहण्याची सोय करावी. रोख रक्कम कोणाच्या हाती देऊ नये, आणि मदत मंजूर करणाऱ्या विश्वस्ताला कुटुंबाने काय ठरवले, हे कळवूच नये. मुलांच्या शिक्षणाची अडचण असेल, तर आपली शिष्यवृत्ती गरज पाहून आहेच. उरलेला निधी एका चांगल्या समन्वयकाच्या पगाराकडे वळवावा. त्या एका माणसामुळे अधिक अवयव मिळतील, याविषयी मला शंका नाही. सभेपूर्वी मसुदा वकिलांना दाखवा आणि पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीचेही मत घ्या. देशपांडे काकांना एक लाखाचा आकडा फलकावर हवा आहे, असे तुम्ही लिहिले आहे. त्यांना हे पत्र वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

सुधारित मसुदा या रविवारपर्यंत लिहून पाठवते. सौ. आईस सा. न., चि. ओंकारला अनेक आशीर्वाद.

तुमची,
वैशाली