पुढे तेच तेच नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘अ‍ॅट फिलमोर ईस्ट’ या अल्बमवरचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झालेल्या वादनावरचा लेख दोनदा वाचला. ऑलमन ब्रदर्स या अमेरिकन रॉक बँडवर मराठी वृत्तपत्रात पानभर मजकूर येतो याचा आनंद झाला, त्याबद्दल मनापासून आभार. पण शेवटच्या दोन परिच्छेदांनी त्या आनंदावर पाणी पडलं. लेखकाच्या मते ही गाणी निम्म्या वेळात आटोपायला हवी होती, कारण पुढे तेच तेच आहे. आणि लोक अजून हा अल्बम ऐकतात ते बँडचा गिटारवादक ड्वेन ऑलमन चोविसाव्या वर्षी गेला म्हणून.

‘पुढे तेच तेच आहे’ हे वाक्य मी आधी एकदा ऐकलं आहे. १९८४ साली दादाच्या मित्राने या अल्बमच्या दोन्ही तबकड्या आम्हाला दोन दिवसांसाठी दिल्या. आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर नव्हता, म्हणून पुण्यातल्या एका दुकानात कॅसेट भरून घ्यायला टाकल्या. नव्वद मिनिटांच्या कॅसेटचे पैसे मोजून दिले. तबकड्या मित्राला परत गेल्या, तो महिन्याभरात गाव सोडून गेला आणि मग आमच्या लक्षात आलं की कॅसेट साठ मिनिटांची आहे. एकोणीस मिनिटांचं ‘यू डोन्ट लव्ह मी’ बाराव्या मिनिटाला तुटलेलं आणि तेवीस मिनिटांचं ‘व्हिपिंग पोस्ट’ साडेअकराव्या मिनिटाला. दुकानात जाब विचारला तर उत्तर मिळालं, “पुढे तेच तेच आहे हो, गिटार वाजतेय नुसती.” नव्वदच्या कॅसेटवर हा अल्बम व्यवस्थित बसतो. तबकड्यांच्या पहिल्या दोन बाजू साधारण सदतीस मिनिटांच्या, पुढच्या दोन एकेचाळीसच्या. मी हा हिशेब तबकडीवरच्या वेळा मांडून त्यांना दाखवलाही होता. पैसे परत मिळाले नाहीत.

चौदा वर्षं आम्ही ती तुटकी कॅसेट ऐकली. ‘व्हिपिंग पोस्ट’मध्ये बेरी ओकलीचा बास एकटा सुरू होतो, त्या अकरा मात्रा दादा मांडीवर मोजायचा. मग ड्वेनची गिटार, मग दुसरा गिटारवादक डिकी बेट्स, आणि बेट्सच्या वादनात लय विरायला लागली की खट्कन टेप संपायची. १९९८ मध्ये सीडी मिळाली तेव्हा दादा मुद्दाम सुट्टी काढून घरी आला. साडेअकरा मिनिटं उलटली आणि आम्ही दोघं श्वास रोखून बसलो.

पुढे तेच तेच नाही. पुढे वाद्यं इतकी हळू होतात की दोन्ही ड्रमर, बुच ट्रक्स आणि जेमो, नुसती चाहूल देत राहतात. सूर कुठे जाणार हे वाजवणाऱ्यांनाच शोधावं लागतंय असं वाटतं. मग एकेक जण त्यात शिरतो, चढ सुरू होतो, शिखर आलं म्हणेपर्यंत त्यापुढे आणखी एक दिसतं, आणि इतक्या प्रवासानंतर गायक ग्रेगचा आवाज परत येतो तेव्हा त्याच ओळीचा अर्थ बदललेला असतो. अगदी शेवटी टिंपनी घुमते, पुढची चीज सुरू होते आणि तिथे आवाज मंद करत नेलाय. ती चीज म्हणजे तेहतीस मिनिटांचं ‘माउंटन जॅम’, जे बँडच्या १९७२ च्या अल्बममध्ये आलं. दादा त्या दिवशी काही बोलला नाही. उठून त्याने पुन्हा पहिल्यापासून लावलं.

तासभर एक राग ऐकणाऱ्या वाचकांना लांबीचं भय दाखवू नये. शिवाय जिथे कात्री चालवायची होती तिथे ती चाललेली आहे. अल्बमचा निर्माता टॉम डाउड याने ‘स्टॉर्मी मंडे’तला हार्मोनिकाचा सोलो काढून टाकला. पहिल्या रात्री मंचावर आलेली सॅक्सोफोनची साथही त्याला पसंत नव्हती, ती बंद झाली. कशाला हात लावायचा आणि कशाला नाही, हे त्याला कळत होतं. आणि त्या सभागृहातल्या श्रोत्यांना काय हवं होतं? ‘यू डोन्ट लव्ह मी’तल्या शांत जागी कुणीतरी ओरडून सांगतं, रात्रभर वाजवा. ते रेकॉर्डवर आहे. लेखकाने ऐकलं नाही का?

आता मृत्यूबद्दल. १२ आणि १३ मार्च १९७१ चं हे वादन जुलैत बाजारात आलं. तोवर न्यूयॉर्कचं ते सभागृह बंदही झालं होतं. ऑक्टोबरच्या २९ तारखेला मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला, पण त्याच्या काही दिवस आधीच अल्बमला विक्रीचं सुवर्ण मानांकन मिळालं होतं. लोकांनी तो घेतला तेव्हा ड्वेन जिवंत होता. सर्दीच्या गोळ्यांची काचेची बाटली बोटात घालून, ती तारांवर सरकवत तो ‘स्टेट्सबरो ब्लूज’मध्ये जो सूर काढतो, तो ऐकायला कुणाच्या मरणाची गरज लागत नाही. ते गाणं ब्लाइंड विली मॅकटेलचं, १९२८ चं. लेखात त्याचं नाव नाही. एल्मोर जेम्स नाही, टी-बोन वॉकर नाही. या पोरांनी ज्यांची गाणी उचलून इतकी मोठी केली, त्यांचा उल्लेख एका ओळीत मावला असता.

आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्राखाली सहा वादकांची नावं आहेत, पण छायाचित्र अल्बमच्या मागच्या बाजूचं आहे. बिअरचे डबे घेऊन बसलेली ती माणसं वाद्यांच्या पेट्या वाहणारी, मंच लावणारी. बँडने त्यांना मुद्दाम मागच्या कव्हरवर जागा दिली होती आणि तुम्ही त्यांच्यावर दुसऱ्यांची नावं चिकटवलीत. येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

लेखकाकडे पूर्ण प्रत नसेल तर माझी सीडी मी आपल्या कार्यालयात पोस्टाने पाठवतो. ‘व्हिपिंग पोस्ट’ बाराव्या मिनिटाच्या पुढे एकदा सलग ऐकावं. सीडी मात्र परत हवी. दादा दिवाळीला येतोय. पत्ता सोबत जोडला आहे.

– एक वाचक, सातारा