विज्ञानकथेला बालविभागातून बाहेर काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी अंकांच्या परीक्षणांत कथांना दोन-तीन परिच्छेद मिळतात आणि शेवटी एक ओळ येते : 'अंकात एक विज्ञानकथाही आहे.' ती जमली की फसली, हे सहसा कुणी सांगत नाही. तिचे कौतुकच करा, असे म्हणणे नाही. कथा म्हणून तपासा, एवढीच मागणी आहे.

विज्ञानकथा मराठीत रुजली ती विज्ञानप्रसाराच्या अंगणात. मराठी विज्ञान परिषद 1966 साली प्रसारासाठीच स्थापन झाली, आणि 1974 मध्ये तिच्याच कथास्पर्धेत डॉ. जयंत नारळीकरांची कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने आली. त्यामुळे 'यातून विज्ञान किती कळले?' हीच मोजपट्टी पुढे चालू राहिली. नारळीकर 2021 च्या नाशिकच्या 94व्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले खरे. पण साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना 2014 मध्ये मिळाला तो आत्मचरित्रासाठी. अरुण साधूंच्या राजकीय कादंबऱ्यांवर भरभरून बोलणारे त्यांच्या 'विप्लवा' या विज्ञानकादंबरीपाशी येऊन गप्प होतात.

समीक्षकांची नाराजी अगदीच निराधार नाही. पुष्कळ कथांत एक प्राध्यापक असतो, एक शंका विचारणारा पुतण्या असतो आणि तीन पाने व्याख्यान चालते. लेखकाने कष्टाने मिळवलेली माहिती त्याला टाकवत नाही, म्हणून हे होते. दुसरा दोष याहून घातक. विज्ञानकथेला एकच गोष्ट गृहीत धरण्याची मुभा असते. बाकी सगळे त्यातूनच निघायला हवे. शेवटी नायक अडकला म्हणून लेखकाने खिशातून दुसरे यंत्र काढले, की कथा तिथेच कोसळते. हा दोष कथारचनेचा आहे, आणि तो दाखवायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

नियम पाळला तर काय मिळते ते पाहा. गृहीत धरा, गुहागरच्या एका घरातला मुलगा मंगळावर कामाला आहे. रेडिओसंदेशाला तिथे पोचायला ग्रहांच्या अंतरानुसार साधारण 3 ते 22 मिनिटे लागतात. आईने 'जेवलास का?' विचारले, की उत्तर लवकरात लवकर सहा मिनिटांनी येणार, कधी पाऊण तासाने. म्हणजे संवाद लिहिताच येत नाही. एकाआड एक स्वगते लिहावी लागतात. आई प्रश्न विचारून भात वेळायला उठते, आणि परत येते तेव्हा उत्तर बोलून संपलेले असते. शिवाय दर 26 महिन्यांनी सूर्य मधे येतो आणि सुमारे दोन आठवडे संपर्क तुटतो. ते दोन आठवडे गणपतीत आले तर? चाकरमान्याची आणि त्याच्या मनिऑर्डरीची वाट पाहणारी घरे कोकणाला सांगायला नकोत. इथे जो आकडा आहे, तोच दुःखाला आकार देतो. वृत्ताचे बंधन कवितेला जे देते, तेच हे.

किंवा आकाशात जाऊच नका. समुद्र अर्धा मीटर चढला, एवढेच धरा. भांगाच्या, म्हणजे कमी चढणाऱ्या, भरतीला फारसे काही कळणार नाही. उधाणाला खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीचा, बांध फुटेल. किनाऱ्याच्या पुळणीतल्या विहिरींत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत असते. गोड्याची पातळी एक मीटर उतरली, तर खाऱ्याची सीमा शेवटी सुमारे 40 मीटर वर सरकू शकते. म्हणून पंप जास्त चालवणाऱ्याचे पाणी आधी मचूळ होईल. पोफळी पिवळ्या पडतील, माड तग धरतील. मग ज्या भावाच्या वाट्याला पोफळी आल्या, तो वाटणी पुन्हा मागेल. इथवर आलेल्या कथेला सामाजिक म्हणायचे की वैज्ञानिक? (त्यात भरती रोज दुपारी बाराच्या ठोक्याला येत असेल, तर परीक्षणात जरूर लिहा : भरती रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते. किनाऱ्यावरच्या वाचकाला ही चूक पहिल्या पानावर खटकते.)

परीक्षण लिहिणाऱ्याने गृहीतक एका वाक्यात मांडावे. ते काढून टाकले तर कथा तशीच उभी राहते का, हे पाहावे. राहत असेल, तर यंत्र नुसते शोभेचे आहे. नंतर माणसांकडे वळावे. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथा अशा तपासल्या, तर काही उतरतील, काही वर येतील. दोन्ही व्हायला हवे.

ग्रंथालयांसाठीही एक काम आहे, त्याला पैसा लागत नाही. नारळीकरांचे कथासंग्रह कुठे 500 या वर्गक्रमांकाच्या विज्ञानाच्या कपाटात असतात, कुठे बालविभागात. कादंबरी-कथा शोधणारा सभासद त्या कपाटांकडे फिरकतच नाही. पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या दशांश वर्गीकरणात मराठी कथावाङ्मयाचा क्रमांक 891.463 आहे. पाठीवरची चिठ्ठी बदलावी, दाखल नोंदवहीत दुरुस्ती करावी आणि लेखकाच्या आडनावाप्रमाणे ही पुस्तके इतर कथासंग्रहांच्या रांगेत लावावीत. 'न'च्या खणात जागा थोडी सरकवावी लागेल.

आपला,
एक ग्रंथपाल, गुहागर (जि. रत्नागिरी)