वॉशिंग मशीनच्या मोटरला पंख्याचा रेग्युलेटर नको

संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत जुन्या वॉशिंग मशीनच्या मोटरपासून सँडिंग मशीन कसं करायचं ते आलं होतं, वाचून बरं वाटलं कारण हेच उद्योग मी पण करतो. पण शेवटी "स्पीड कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर लावावा" एवढ्या एका ओळीत विषय उरकलाय, ते काही बरोबर नाही बघा.

मी नेमकं तेच केलं होतं. भंगारातून फ्रंट लोडची कार्बनवाली (म्हणजे कार्बन ब्रशची) मोटर आणली, दुकानातून डिमर आणला, म्हणजे पंख्याच्या रेग्युलेटरसारखाच, पुढं सहा इंची सँडिंग डिस्क लावली. हळू फिरते म्हणून खूश, पण लाकूड टेकवलं की मोटर बसायची, मग नॉब वाढवायचा, आणि असं वाढवून वाढवून एकदा लाकूड उचललं तर मोटर अशी काही सुटली की डिस्क उडून थेट ट्यूबलाइटवर. तोंड बाजूला होतं म्हणून वाचलो.

या मोटरीत फिल्ड (स्थिर गुंडाळी) आणि आर्मेचर (फिरणारी गुंडाळी) सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेले असतात, त्यामुळे लोड नसेल तर ती वेग घेतच राहते. मशीनमध्ये ड्रम मिनिटाला 1000 फेऱ्यांनी फिरतो तेव्हा मोटर दहा-बारा हजारांवर असते, आणि आठ इंची ग्राइंडिंग व्हीलवर बहुतेक साडेतीन हजारांच्या आतलाच आकडा छापलेला असतो! डिमरला मोटर किती फिरतेय ते कळतच नाही, तो फक्त करंट कापतो. आणि पंख्याच्या रेग्युलेटरमधला चार अँपिअरचा ट्रायॅक (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) 75 वॉटच्या पंख्यासाठी असतो, या मोटरच्या लोडला तो कितीसा टिकणार.

खरा उपाय मोटरच्या मागच्या बाजूलाच असतो. तिथल्या दोन बारीक वायरी टॅकोच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या सेन्सरच्या, आपण त्याच कापून टाकतो. वेग वाढला की टॅकोचा सिग्नल वाढतो, टीडीए 1085 नावाची आयसी (चिप) तो वाचते आणि लोड आला की ट्रायॅक लवकर उघडते, लोड गेला की उशिरा. मग लाकूड टेकवा नाहीतर उचला, वेग जवळपास तोच. तयार बोर्ड पण मिळतो. फक्त टॅकोची वायर ढिली ठेवू नका, सिग्नल गेला तर एखाद्या बोर्डाला वाटू शकतं मोटर थांबलीय आणि तो आणखी ताकद देईल, म्हणजे पुन्हा तेच.

अजून एक, हा बोर्ड बहुधा थेट 230 व्होल्टवर चालतो, म्हणजे नॉबच्या मागचा पॉट (नॉबने फिरणारा रेझिस्टर) सुद्धा लाइव्ह. नॉब प्लॅस्टिकच्या दांड्याचाच घ्या, मोटरच्या बॉडीला अर्थिंग करा, बोर्ड डब्यात बंद करा. खूप वेळ हळू चालवली तर मोटर तापते, तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो ना.

आणि हे सगळं फक्त कार्बनवाल्या मोटरसाठी. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये कॅपॅसिटरवाली इंडक्शन मोटर असते, नव्या इन्व्हर्टर मशीनमध्ये तर तीन वायरींची वेगळीच, तिथं हा बोर्ड चालत नाही. भंगारवाला सगळ्यांना एकच नाव देतो, मोटर.

पुढच्या रविवारी पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापली तर बरं होईल. शाळेतली पोरं सायन्स प्रोजेक्टसाठी ही पानं कापून ठेवतात, आमच्याच गल्लीतल्या एकाने परवा मला विचारलं, काका डिमर कुठला घेऊ.

– आपला एक जुना वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर