विद्यापीठ परिसरातील दिशादर्शक फलकांसाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

नवी मुंबईत सेक्टर आणि प्लॉट क्रमांक ठाऊक असला की अनोळखी पत्ताही सापडतो. आमच्या विभागातील विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरल्यावर मात्र ही सोय संपते. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या दिवसांत उरण, पनवेल, कर्जतहून प्रथमच येणारे विद्यार्थी व पालक सुरक्षारक्षकांना विचारत फिरतात. एकाच इमारतीला कागदोपत्री एक नाव, नकाशावर एक क्रमांक आणि बोलण्यात ‘कँटीनमागची इमारत’ अशी तिसरीच ओळख असल्यामुळे मिळालेल्या उत्तराचाही उपयोग होत नाही. म्हणून आमच्या नागरिक मंडळाने विद्यापीठाच्या संमतीने संपूर्ण परिसराची फलकयोजना आखण्याचे काम हाती घेतले आहे.

फलकांसाठी धातूचे पत्रे कापण्याआधी प्रत्येक इमारतीचे एकच नाव निश्चित करणे, हे यातील पहिले आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे काम आहे. त्यानंतर फलकांच्या जागा ठरतील. जिथे रस्ता फुटतो आणि माणूस क्षणभर थबकतो, तिथेच फलक हवा. भिंत मोकळी आहे म्हणून तिथे लावलेला फलक कोणी वाचत नाही. परिसराचा नकाशा उभा करताना उत्तर दिशा वर ठेवण्याऐवजी वाचणाऱ्याच्या समोरची दिशा वर ठेवावी लागते, नाहीतर डावे-उजवे मनात उलटावे लागते. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे लांबून एकमेकांत मिसळतात. त्यामुळे अक्षरे मोठी, ओळी सुट्या आणि रंगांतील फरक ठळक असावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार सुगम्यता हा हक्क आहे. म्हणून दारांजवळ ब्रेल व उठावाची अक्षरे असतील आणि चाकाच्या खुर्चीसाठी पायऱ्या नसलेला मार्ग स्वतंत्रपणे दाखवला जाईल. खाडीची खारी हवा आणि पावसाळा लक्षात घेता साध्या लोखंडी फलकांना लवकर गंज चढतो, त्यामुळे पावडर कोटिंग केलेले ॲल्युमिनियम वापरण्याचा विचार आहे. खर्च वाढतो तो मुख्यतः इथेच.

आम्हाला आधी आपला वेळ हवा आहे. परिसर कधीही न पाहिलेले ज्येष्ठ नागरिक, अंध व्यक्ती आणि चाकाची खुर्ची वापरणारे यांनी आमच्यासोबत फाटकापासून ग्रंथालयापर्यंत आणि परीक्षा विभागापर्यंत चालून पाहावे. ते जिथे अडतील त्या जागा आम्ही नोंदवू. तात्पुरते पुठ्ठ्याचे फलक लावून हीच चाचणी पुन्हा होईल आणि त्यानंतरच कायमचे फलक बनतील. निवृत्त ड्राफ्ट्समन, अक्षरलेखनाचे जाणकार, ब्रेल वाचणारे आणि फॅब्रिकेशनचे कारागीर यांची विशेष गरज आहे.

आर्थिक मदत धनादेशाने मंडळाच्या नावे द्यावी. पावती मिळेल आणि हिशेब मंडळाच्या सूचना फलकावर लावला जाईल. दिशादर्शक फलकांवर मात्र देणगीदारांची नावे येणार नाहीत, कारण तिथला प्रत्येक जादा शब्द वाट शोधणाऱ्याला अडवतो. ही अट आपण समजून घ्याल, अशी खात्री आहे. नावनोंदणी मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत करता येईल.

आपले नम्र,
कार्यकारिणी, नागरिक मंडळ, नवी मुंबई